उत्तर आलं नाही, तरी पिस्तूल मिळालं: चार्ल्स्टन, २०१५

११ एप्रिल २०१५, शनिवार. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात, वेस्ट कोलंबिया या गावातल्या एका बंदुकीच्या दुकानात एक तरुण गेला. आठच दिवसांपूर्वी त्याला एकवीस वर्षं पूर्ण झाली होती. परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार तेवढंच वय लागतं. त्यानं .४५ कॅलिबरचं ग्लॉक पिस्तूल पसंत केलं आणि फॉर्म भरला. गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासण्यासाठी दुकानानं एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेकडे विचारणा केली. उत्तर आलं ते ‘थांबा’ असं. परवानगीही नाही आणि नकारही नाही. गुरुवारी, १६ एप्रिलला, ‘थांबा’ हेच उत्तर कायम असताना पिस्तूल त्याच्या ताब्यात आलं.

१७ जूनच्या रात्री हा तरुण चार्ल्स्टन शहरातल्या इमॅन्युएल आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमध्ये गेला. बुधवारची बायबल वाचनाची बैठक चालू होती. मंडळींनी त्याला आपल्यात बसवून घेतलं. जवळपास तासभर तो त्यांच्यात बसला आणि मग त्यानं गोळ्या झाडल्या. नऊ माणसं गेली, सगळी कृष्णवर्णीय. सर्वांत वयस्कर बाई ८७ वर्षांच्या होत्या, सर्वांत लहान तरुण २६ वर्षांचा. चर्चचे पाद्री क्लेमेंटा पिंकनी हे राज्याच्या सिनेटचे सदस्यही होते. तेही त्यांत होते.

हे प्रकरण बहुतेक वेळा ‘एका कारकुनी चुकीचा परिणाम’ म्हणून सांगितलं जातं. चूक झाली होती आणि ती कुठे झाली हे मी पुढे सविस्तर सांगणार आहे. पण चुका प्रत्येक कार्यालयात होतात. माझ्या मते खरा प्रश्न असा आहे की चूक झाली तर तिची किंमत कुणी मोजायची. अमेरिकेच्या कायद्यानं ते १९९३ सालीच ठरवून टाकलं होतं.

कायद्यातले तीन दिवस

३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळीबार झाला. त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागली आणि ते कायमचे अपंग झाले. हल्लेखोरानं रिव्हॉल्व्हर आदल्या ऑक्टोबरात डॅलसमधल्या एका तारण दुकानातून विकत घेतलं होतं. ब्रेडी आणि त्यांच्या पत्नी सारा यांनी पुढे अनेक वर्षं झगडून एक कायदा करवून घेतला. ३० नोव्हेंबर १९९३ रोजी बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली. तोच ब्रेडी कायदा.

या कायद्यात सुरुवातीला खराखुरा प्रतीक्षा काळ होता. पिस्तूल मागितल्यावर कामकाजाचे पाच दिवस थांबायचं आणि तेवढ्यात स्थानिक पोलीस अधिकाऱ्यानं गिऱ्हाइकाची माहिती तपासायची, अशी ती रचना होती. पण हा काळ तात्पुरता ठेवला गेला. संगणकावरची तत्काळ तपासणी तयार झाली की तो संपवायचा, ही तडजोड कायदा मंजूर होतानाच झाली होती. मध्ये १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं ‘प्रिंट्झ’ खटल्यात स्थानिक पोलिसांवर असं काम लादणं घटनाबाह्य ठरवलं. ३० नोव्हेंबर १९९८ रोजी एफबीआयची राष्ट्रीय तत्काळ तपासणी यंत्रणा सुरू झाली आणि त्याच दिवशी पाच दिवसांचा प्रतीक्षा काळ संपला.

त्यानंतर कायद्यात जे तीन दिवस उरले, त्यांना बातम्यांमध्ये पुष्कळदा ‘तीन दिवसांचा वेटिंग पीरियड’ म्हटलं जातं. तो तसा नाही, आणि या प्रकरणाचं मर्म तिथेच आहे. तपासणीत दोन मिनिटांत ‘हरकत नाही’ असं उत्तर आलं, तर केंद्रीय कायद्यानुसार गिऱ्हाईक त्याच मिनिटाला पिस्तूल घेऊन जाऊ शकतं. सुमारे नव्वद टक्के तपासण्यांचा निकाल असा जागच्या जागी लागतो. तीन दिवसांचं बंधन गिऱ्हाइकावर नसून सरकारवर आहे. ‘थांबा’ असं उत्तर दिल्यावर एफबीआयला कामकाजाचे तीन दिवस मिळतात. तेवढ्यात निर्णय झाला नाही, तर दुकानदार पिस्तूल देऊ शकतो. त्यानं ते दिलंच पाहिजे अशी सक्ती मात्र कायदा करत नाही.

महाराष्ट्रात बांधकाम परवानगीशी संबंध आलेल्यांना ‘मानीव मंजुरी’ माहीत असते. ठरलेल्या मुदतीत प्राधिकरणानं उत्तर दिलं नाही, तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. कारभार लटकत ठेवणाऱ्यांना चाप बसावा म्हणून ही सोय आहे आणि तिथे ती रास्तही आहे. नियमाबाहेर बांधलेली भिंत नंतर पाडता येते. झाडलेली गोळी परत घेता येत नाही.

कागद कुठे भरकटला

त्या तरुणाला फेब्रुवारीच्या अखेरीस कोलंबिया शहरातल्या एका मॉलमध्ये अटक झाली होती. त्याच्याकडे सुबॉक्सोन हे औषध सापडलं. अफूजन्य पदार्थांचं व्यसन सोडवण्यासाठी ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं आणि त्याच्याकडे चिठ्ठी नव्हती. औषध आपलं असल्याचं त्यानं पोलिसांपुढे कबूल केलं आणि ती कबुली कोलंबिया पोलिसांच्या अहवालात लिहिलेली होती.

आता हद्द. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग. कोलंबिया शहराचा मोठा भाग रिचलंड काउंटीत येतो आणि एक तुकडा लेक्सिंग्टन काउंटीत. मॉल त्या तुकड्याच्या बाजूला होता. त्यामुळे अटक केली कोलंबिया पोलिसांनी आणि आरोपीची नोंद झाली लेक्सिंग्टन काउंटीच्या तुरुंगात. नोंद करताना अटक करणारी संस्था म्हणून लेक्सिंग्टनच्या शेरीफचं, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचं, कार्यालय लिहिलं गेलं. गुन्ह्याचा दर्जाही होता त्यापेक्षा गंभीर नोंदवला गेला. दोन दिवसांनी ही चूक तुरुंगाच्या लक्षात आली आणि तिथली नोंद दुरुस्त झाली, पण राज्याच्या मध्यवर्ती माहितीसाठ्यात दुरुस्ती पोचलीच नाही. एफबीआयला दिसला तो तिथला जुना, चुकीचा तपशील.

शनिवारी आलेली विचारणा सोमवारी, १३ एप्रिलला, वेस्ट व्हर्जिनियातल्या केंद्रात एका तपासनीस बाईंकडे गेली. नुसती अटक हे पिस्तूल नाकारायचं कारण होऊ शकत नाही, आणि ते बरोबरच आहे. अटक म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे. त्यांना दोन गोष्टी शोधायच्या होत्या. अटकेनंतर गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, आणि हा माणूस बेकायदा अमली पदार्थ घेणारा ठरतो का. यातली एक जरी गोष्ट निघाली, तरी विक्री थांबते.

त्यांनी लेक्सिंग्टन काउंटीच्या शेरीफला आणि तिथल्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाला फॅक्स पाठवले. २०१५ सालीही राष्ट्रीय ‘तत्काळ’ यंत्रणेचा हा टप्पा फॅक्सवर चालत होता. वकिलांच्या कार्यालयाकडून उत्तर आलं नाही. शेरीफकडून आलेलं उत्तर असं होतं की प्रकरण आमचं नाही, कोलंबिया पोलिसांना विचारा.

म्हणजे बरोबर पत्ता हाती आला होता. पण त्यांच्यासमोरच्या संपर्क यादीत लेक्सिंग्टन काउंटीखाली कोलंबिया पोलीस नव्हतेच, ते रिचलंड काउंटीखाली होते. लेक्सिंग्टनखाली होते वेस्ट कोलंबिया पोलीस, म्हणजे शेजारच्या वेगळ्याच गावचे. त्यांना विचारणा गेली. आमच्याकडे काही नाही, असं त्यांनी कळवलं, आणि ते खरंच होतं. शोध तिथे थांबला. ज्या ठाण्यात कबुलीचा कागद होता, त्या ठाण्याला कुणी विचारलंच नाही.

आपल्याकडच्या पोलीस ठाण्यांत ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य ऐकलेल्याला या साखळीतलं काहीच अनोळखी वाटणार नाही. इथे तर कुणी टाळाटाळही केली नव्हती. ज्याला विचारलं त्यानं आपल्यापुरतं खरं उत्तर दिलं, आणि त्या खऱ्या उत्तरांतून माहिती निसटली.

खटल्यात पुढे आलेली आणखी एक गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. कोलंबिया पोलिसांचा अहवाल एफबीआयच्याच ‘एन-डेक्स’ या राष्ट्रीय माहितीसाठ्यात उपलब्ध होता. पण बंदूक विक्रीची तपासणी करणाऱ्यांना तो साठा पाहायची मुभा संस्थेनंच दिलेली नव्हती. एकाच संस्थेच्या एका कपाटात कागद आहे आणि दुसऱ्या टेबलावरचा माणूस तो मिळवायला परगावी फॅक्स करतो आहे, असा हा प्रकार होता. त्या तपासनीस बाईंवर सगळा दोष टाकणं सोपं आहे, पण मला ते अन्यायाचं वाटतं. हातात सदोष यादी, डोक्यावर तीन दिवसांचं घड्याळ आणि मुदत संपली की शिक्क्याशिवाय आपोआप लागू होणारी परवानगी, अशा टेबलावर आज ना उद्या हे घडणारच होतं.

घड्याळ संपल्यानंतरचे दोन महिने

१६ एप्रिलला पिस्तूल गेलं आणि १७ जूनला हत्याकांड झालं. मधले बासष्ट दिवस या प्रकरणाच्या चर्चेत फारसे येत नाहीत. खरं तर तेच नीट पाहायला हवेत.

मुदत उलटल्यावर तपास बंद करायचा, असं कायदा म्हणत नाही. नंतर नकाराचं कारण सापडलं, तर एफबीआय ते केंद्रीय बंदूक नियंत्रण विभागाला कळवते आणि त्या विभागाचे अधिकारी खरेदीदाराच्या दारात जाऊन शस्त्र परत घेतात. २०१७ या एका वर्षात अशा ४,८०० हून अधिक बंदुका परत आणण्यासाठी त्या विभागाकडे कळवल्या गेल्या. म्हणजे ज्यांना बंदूक मिळायला नको होती, अशा इतक्या लोकांच्या हाती ती केवळ उत्तर वेळेत न आल्यामुळे पडली होती. आता विचार करा, दुकानाच्या काउंटरवर नाही म्हणणं आणि शस्त्र घरात पोचल्यावर दार वाजवून ते मागणं, यांत अधिकाऱ्यासाठी धोका किती वाढतो.

या तरुणाच्या बाबतीत तेवढंही झालं नाही. नोंद ‘प्रलंबित’ राहिली. कोलंबिया पोलिसांना कुणी एक फोन केला असता, तर दोन महिन्यांत पिस्तूल परत घेता आलं असतं. म्हणून ‘तीनऐवजी दहा दिवस दिले असते तर हे टळलं असतं’ असं मी खात्रीनं म्हणणार नाही. ज्या फायलीला कुणी बासष्ट दिवसांत हात लावला नाही, तिला आणखी आठवडाभर देऊन काय होणार होतं? दिवस वाढवणं गरजेचं आहे, पण खरा बदल वेगळा आहे. उत्तर नसेल तर विक्री नाही, असा नियम असता तर गिऱ्हाईकच पाठपुरावा करत राहिलं असतं, दुकानदारानंही फोन केला असता आणि फाइल कुणाला तरी उघडावी लागली असती. आताच्या नियमात पिस्तूल गेल्यावर त्या फायलीची गरज कुणालाच उरत नाही.

निव्वळ थांबवण्यानंही इथे काही साधलं नसतं. रागाच्या भरात, उतावीळपणे केलेली ही खरेदी नव्हती. प्रतीक्षा काळाचा खरा उपयोग वेगळ्या जागी होतो. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. निराशेच्या टोकाला पोचलेल्या माणसासाठी दुकान आणि पिस्तूल यांच्यामधले चार दिवस म्हणजे जीव वाचण्याची संधी असते. २०१७ मध्ये हार्वर्डच्या अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात प्रतीक्षा काळ असलेल्या राज्यांमध्ये बंदुकीनं होणाऱ्या आत्महत्या ७ ते ११ टक्क्यांनी आणि हत्या सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाल्याचं आढळलं. पार्श्वभूमी तपासणी माणूस कोण आहे ते पाहते आणि प्रतीक्षा काळ त्या माणसाची ती वेळ जाऊ देतो. ही दोन वेगळी कामं आहेत आणि एक असलं म्हणजे दुसरं नको, हा युक्तिवाद मला पटत नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं

तीन दिवसांच्या तरतुदीमागे एक रास्त भीती आहे आणि ती उडवून लावू नये. सरकारनं नुसतं गप्प बसून नागरिकाचा शस्त्र बाळगण्याचा घटनादत्त हक्क अनंतकाळ रोखून धरला तर काय? ‘थांबा’ हे उत्तर पुष्कळदा फक्त नावसाधर्म्यामुळे येतं. तिकडे स्थायिक झालेली मराठी माणसंही ही तपासणी करून घेतात. ग्रीन कार्ड असलेल्याला बंदूक विकत घेता येते, एच-१बी व्हिसावरच्याला मात्र काही अपवाद सोडले तर नाही. प्रत्येक खेपेला दुसऱ्याच कुणाच्या गुन्ह्यापायी अडकून पडणं त्रासाचं आहे. पूर्वीच्या जोडीदाराकडून जिवाला धोका असलेल्या बाईला तर तीन दिवसही फार वाटू शकतात.

पण या त्रासावर एक उपाय आधीपासून आहे. वारंवार अडकणाऱ्या माणसाला एफबीआयकडे स्वतःची माहिती जमा करून वेगळा ओळख क्रमांक घेता येतो आणि पुढच्या तपासणीत तो देता येतो. मुदत हवी, दाद मागायची जागाही हवी. मात्र मुदत संपल्यावर एखाद्या अधिकाऱ्यानं आपल्या नावानिशी निर्णय द्यावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात याच पेचाचं वेगळं उत्तर आहे. आपल्याकडे आधी परवाना आणि मग शस्त्र. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा पोलीस आयुक्तांकडे जातो आणि स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. हा अहवाल मुदतीत आला नाही, तर परवाना अधिकारी योग्य वाटल्यास त्याची वाट न पाहता आदेश देऊ शकतो. तो आदेश नकाराचाही असू शकतो. परवानगी आपोआप मिळत नाही, कुणाची तरी सही लागते. आपली पद्धत आदर्श आहे असा माझा दावा नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेले अर्ज आणि ओळखीपाळखीनं हललेल्या फायली आपण पाहतोच. पण ठाण्याचं मौन म्हणजे होकार, असं आपल्या कायद्यानं धरलेलं नाही.

न्यायालय, संसद आणि आजचा नियम

१० जुलै २०१५ रोजी एफबीआयचे तेव्हाचे संचालक जेम्स कोमी यांनी जाहीरपणे सांगितलं की या तरुणाला पिस्तूल मिळायलाच नको होतं. त्याच दिवशी सकाळी साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनासमोरून कॉन्फेडरेट ध्वज, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा ध्वज, कायमचा उतरवण्यात आला. ध्वजासाठी राज्याच्या विधिमंडळाला काही दिवस पुरले. तीन दिवसांची तरतूद मात्र हलली नाही.

मृतांच्या कुटुंबीयांनी आणि वाचलेल्यांनी केंद्र सरकारवर दावा लावला. २०१८ मध्ये जिल्हा न्यायाधीश रिचर्ड गर्गेल यांनी एफबीआयच्या तपासणी पद्धतीवर कडक ताशेरे ओढले, पण कायद्यानं सरकारला संरक्षण आहे म्हणून दावा फेटाळला. ऑगस्ट २०१९ मध्ये साउथ कॅरोलायना ज्याच्या कक्षेत येतं त्या चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयानं तो पुन्हा जिवंत केला. अटक करणाऱ्या पोलिसांशी संपर्क करा, असं एफबीआयच्या स्वतःच्या कार्यपद्धतीत लिहिलेलं होतं. लिखित सूचना पाळणं ही तपासनीसाच्या मर्जीची बाब नाही, त्यामुळे मर्जीच्या निर्णयांना मिळणारं संरक्षण इथे लागू होत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्याय खात्यानं ८ कोटी ८० लाख डॉलरला तडजोड केली. त्यातले ६ कोटी ३० लाख मृतांच्या कुटुंबांना आणि अडीच कोटी वाचलेल्यांना मिळाले. मारेकऱ्याला केंद्रीय न्यायालयानं त्याआधीच, जानेवारी २०१७ मध्ये, मृत्युदंड ठोठावला होता.

संसदेत साउथ कॅरोलायनाचेच खासदार जेम्स क्लायबर्न यांनी मुदत दहा दिवसांवर नेणारं विधेयक आणलं. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ते प्रतिनिधिगृहात मंजूर झालं. दोन्ही वेळा सिनेटमध्ये ते पुढे सरकलं नाही.

जून २०२२ मध्ये बायडेन यांनी सही केलेल्या कायद्यानं मुदत वाढवली खरी, पण फक्त एकवीस वर्षांखालच्या खरेदीदारांसाठी. त्यांची अल्पवयातली गुन्ह्यांची आणि मानसिक आरोग्याची नोंद पाहायला तपासणीला दहा दिवसांपर्यंत वेळ मिळतो. रायफल आणि शॉटगनच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे. पण परवानाधारक दुकानातून एकवीस वर्षांखाली पिस्तूल मुळातच विकता येत नाही. म्हणजे दुकानातल्या पिस्तूल विक्रीला या सुधारणेचा स्पर्शच होत नाही. चार्ल्स्टनचा मारेकरी तर एकवीस वर्षं आठ दिवसांचा होता.

कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी आपला वेगळा प्रतीक्षा काळ ठेवला आहे, तिथे दहा दिवस थांबावंच लागतं. वॉलमार्ट या दुकानांच्या मोठ्या साखळीनं केंद्रीय कायद्याची सक्ती नसतानाही स्वतःचा नियम केला होता: तपासणीचा होकार आल्याशिवाय बंदूक द्यायची नाही, मग कितीही दिवस लागोत. देशातल्या कुठल्याही दुकानाला हे उद्यापासून करता येईल, कारण केंद्रीय कायदा दुकानदाराला थांबायची मनाई करत नाही. १६ एप्रिल २०१५ रोजीही त्यानं मनाई केलेली नव्हती.